पास कुणाच्या खिशात?

पहाटेच्या पाळीसाठी घोलवड किंवा डहाणू रोडला गाडी पकडणारी मुलं बोर्डीत, झाईत, अस्वालीत, तलासरीच्या पाड्यांत जागोजाग भेटतात. कुणी बोईसरला एमआयडीसीत, कुणी तारापूरला शटडाउनच्या कंत्राटावर, कुणी डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रात, तर कुणी रेल्वेच्या रुळांवर. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या डोक्यावर बसलेल्या सुपरवायझर, मुकादम आणि ठेकेदारांसाठी तर तो अधिकच आहे.

देशाचा गाडा ज्यांवर चालतो अशा किती गोष्टी या चिंचोळ्या किनारपट्टीत आहेत ते एकदा मोजून पाहा. 1969 मध्ये सुरू झालेलं तारापूर हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. तिथे नंतर 540 मेगावॉटचे आणखी दोन संच आले. डहाणूचं 500 मेगावॉटचं केंद्र मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवतं. मुंबई-दिल्ली रेल्वेमार्ग आपल्या चिकूच्या वाड्यांना लागून जातो. सूर्या धरणाचं पाणी वसई-विरारचे नळ भरतं. आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी भूमिपूजन झालेलं, सुमारे 76 हजार कोटींचं वाढवण बंदर आता येऊ घातलं आहे. या प्रत्येक ठिकाणी कुंपण आहे, कॅमेरे आहेत, बंदूकधारी पहारा आहे. पण ही सगळी व्यवस्था बाहेरच्यासाठी. ज्याला आत सोडायचंच आहे त्याला ती अडवणार नाही, आणि अडवलं तर काम बंद पडेल.

आतल्या माणसाकडून होणाऱ्या धोक्यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2008 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तिच्या मते आतल्या माणसाकडे बाहेरच्याकडे नसलेल्या तीन गोष्टी असतात : प्रवेश, अधिकार आणि माहिती. आत जाता येतं, काही गोष्टींना हात लावण्याची परवानगी असते, आणि कुठे काय आहे हे ठाऊक असतं. घात करणारा आणि नकळत घात होऊ देणारा, दोघेही याच व्याख्येत बसतात. माझ्या मते आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची माणसं कितीतरी जास्त आहेत, आणि सगळी तालीम मात्र पहिल्याला डोळ्यांसमोर ठेवून दिली जाते.

पिण्याच्या पाण्यात

आपल्या भाषेच्या माणसांना जवळचं उदाहरण कारवार तालुक्यातलं. कैगा अणुवीज केंद्रात नोव्हेंबर 2009 मध्ये कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत किरणोत्सर्गी ट्रिटियमचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पन्नासहून अधिक जणांच्या शरीरात ते गेलं होतं. शोध घेतला तेव्हा मूळ सापडलं ते पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये. कुणीतरी ट्रिटियम असलेलं जड पाणी त्यात मिसळलं होतं. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी हे जाणूनबुजून केलेलं दुष्कृत्य असल्याचं सांगितलं आणि रोख आतल्याच माणसाकडे होता.

या घटनेतल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ज्याची राखण सगळ्यात कडक असते त्या अणुभट्टीला कुणी हात लावला नाही. वापरला गेला तो कूलर, जिथे पाळीतली माणसं घोटभर पाणी प्यायला थांबतात. दुसरी, हा प्रकार उघडकीला आणला तो ठरलेल्या वेळी न चुकता होणाऱ्या एका कंटाळवाण्या तपासणीने. म्हणून कुणी तुमच्याकडे नमुना मागितला, वजन केलं, रजिस्टरात सही मागितली, तर 'रोज रोज काय तेच' असं म्हणून टाळू नका. त्या कंटाळवाण्या कामावरच बरंच काही उभं आहे.

बेल्जियमच्या डूल केंद्रात ऑगस्ट 2014 मध्ये असंच घडलं. चौथ्या संचाच्या टर्बाइनचं वंगण तेल, सुमारे 65 हजार लिटर, एक व्हॉल्व्ह उघडून कुणीतरी वाहून जाऊ दिलं. टर्बाइन तापून निकामी झालं आणि संच डिसेंबरपर्यंत बंद राहिला. किरणोत्सर्गाचा काही संबंध नव्हता, कारण हा भाग अणुभट्टीच्या बाहेरचा, म्हणजे कमी पहाऱ्याचा. तुमच्या केंद्रात, कारखान्यात, पंपहाउसमध्ये असे 'बिनमहत्त्वाचे' व्हॉल्व्ह, टाक्या, पॅनेल कुठे आहेत ते तुम्हालाच ठाऊक असतं. सुरक्षा अधिकाऱ्याला ते नकाशावर दिसतं, तुम्हाला ते पायाखाली दिसतं. पाळीच्या बैठकीत हे बोला. बोलण्याची पद्धत नसेल तर सुपरवायझरने ती पाडावी.

डबा कुणाचा उघडतात?

आता थोडं कडू. आपल्या भागात गेटवर झडती कुणाची होते? कंत्राटी हेल्परची. भाकरीचा डबा उघडून बघतात, चप्पल काढायला लावतात. वारली, कोकणा, धोडिया मुलगा असेल तर जरा जास्तच. मागून गाडीतून आलेल्या साहेबाची काच खाली होते आणि सलाम होतो.

महाराष्ट्रातल्या अलीकडच्या प्रकरणांकडे बघितलं तर हा क्रम उलटा वाटू लागतो. मे 2023 मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने पुण्यातल्या डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकालाच अटक केली. पाकिस्तानी हस्तकाला मोबाइलवरून गोपनीय माहिती दिल्याचा आरोप त्याच्यावर आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये नाशिकच्या एचएएल कारखान्यातला एक कर्मचारी अशाच आरोपाखाली पकडला गेला. मे 2025 मध्ये ठाण्याजवळच्या कळव्याचा एक कनिष्ठ अभियंता पकडला गेला. तो खासगी कंपनीत होता, पण कामानिमित्त नौदलाच्या गोदीत त्याची ये-जा होती. आत मोबाइल नेता येत नसल्याने तो बाहेर आल्यावर आठवणीने चित्रं काढून आणि आवाज रेकॉर्ड करून माहिती पाठवत होता, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. आरोप सिद्ध होतात की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण एवढं कुणीही बघू शकतो की माहिती जिथे असते तिथून ती जाते, आणि हेल्परच्या डब्यात ती क्वचितच असते.

म्हणून झडती घ्यायची तर सगळ्यांची घ्या. साहेबाचीही, ठेकेदाराचीही, भेटीला आलेल्या नेत्याचीही. रोज शक्य नसेल तर चिठ्ठी काढून घ्या. सगळ्यांना लागू असलेली झडती कुणाला अपमानाची वाटत नाही, आणि निवडक झडतीने जो राग साठतो तो स्वतःच एक धोका असतो.

त्याच ओघात वाढवणचंही बोलून टाकतो. बंदराला विरोध करणाऱ्या मच्छीमारांच्या घरातली मुलंही उद्या त्याच परिसरात कामाला लागतील. मोर्चात गेला, ग्रामसभेत बोलला, म्हणून त्याच्या नावापुढे लाल खूण करणं हे सुरक्षेचं काम नव्हे. उघडपणे विरोध करणाऱ्याला लपून काही करण्याची गरज पडत नाही. चारित्र्य पडताळणी गुन्ह्यांची करा, मतांची नको.

पासांचा गठ्ठा

हे चित्र तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. शटडाउनचे दिवस. गेटबाहेर वीस-पंचवीस माणसं उभी. मुकादम येतो, वरच्या खिशातून रबर बँड लावलेला पासांचा गठ्ठा काढतो आणि नावं पुकारत वाटतो. दोघेजण आलेले नसतात, त्यांचे पास जे आले त्यांना मिळतात. फोटोवर लॅमिनेशनची घडी पडलेली, मुदतीची तारीख घामाने पुसट. रजिस्टरात एकाच हातच्या एकाच वळणाच्या सात सह्या. पाळी संपली की गठ्ठा पुन्हा खिशात.

यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. मुकादमाला माणसं भरायची असतात, नाहीतर दंड बसतो. पण त्या दिवशी आत कोण होतं हे संध्याकाळी कुणालाच सांगता येत नाही. उद्या काही बिघडलं, तर ज्याचा पास त्याच्यावर शेकणार. म्हणून तुमचा पास तुमच्याच खिशात ठेवा. मुकादमाने मागितला तर 'गेटवर मीच दाखवतो' म्हणा. दुसऱ्याच्या पासवर आत जाऊ नका, एका दिवसाच्या हजेरीसाठी तर नकोच. पास हरवला तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि त्या अर्जाची पोच घ्या.

ठेकेदार आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे याहून मोठं काम आहे. ठेका संपतो, ठेकेदार बदलतो, पण माणसं तीच राहतात आणि जुने पास, जुन्या किल्ल्या, जुने पासवर्ड तसेच फिरत राहतात. ऑस्ट्रेलियातल्या मारूची परिसरात 2000 साली काय झालं ते पाहा. सांडपाण्याच्या पंपांची नियंत्रण यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून एक माणूस बाहेर पडला होता, आणि स्थानिक पालिकेने त्याला नोकरी नाकारली होती. त्याने लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन बाहेरूनच पंपांना खोटे आदेश दिले. सुमारे आठ लाख लिटर सांडपाणी बागांत आणि नदीनाल्यांत गेलं. तो कुंपणाच्या बाहेर होता, पण यंत्रणेने त्याला अजून आतलाच धरलं होतं.

तेव्हा माणूस कामावरून गेला त्याच दिवशी, त्याच पाळीत, पास जमा, किल्ली जमा, लॉगिन बंद. 'आयटीवाल्याला मेल टाकलाय' हे उत्तर चालणार नाही. आणि कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर चिकटवलेला तो सर्वांचा एक पासवर्ड आजच काढा. एकाच पासवर्डने चौघे काम करत असतील तर चुकलं कुणाचं हे यंत्राला कळत नाही, आणि मग ते सगळ्यात खालच्या माणसाचं ठरतं.

जिथे एका माणसाच्या हातून मोठं नुकसान होऊ शकतं, उदाहरणार्थ क्लोरीनची टाकी, रिले रूम, इंधनाचा व्हॉल्व्ह, तिथे दोघांनी मिळूनच काम करायचं. दुसरा माणूस फक्त सही करायला नको, पहिला काय करतोय हे त्याला कळलं पाहिजे. एकाच गावचे, एकाच घरचे दोघे नेहमी जोडीला असतील तर जोड्या बदला. हा अविश्वास नाही. उलट अशी जोडी असेल तर कुणा एकावर संशय घेण्याची वेळच येत नाही.

बरं वाटत नाही म्हणाला तेव्हा

31 जुलै 2023 ची पहाट. जयपूर-मुंबई सेंट्रल सुपरफास्ट आपल्याच मार्गावरून, घोलवड-डहाणू मागे टाकून गेली. पालघर सोडल्यावर गाडीतल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आपल्या वरिष्ठाला सरकारी रायफलने गोळ्या घातल्या, आणि मग वेगवेगळ्या डब्यांत तीन मुसलमान प्रवाशांना. राखण करायला दिलेली बंदूकच होती ती.

त्याच्या सोबतच्या जवानाने पोलिसांना दिलेल्या जबाबात जे आलं ते प्रत्येक सुपरवायझरने वाचावं. आपल्याला बरं वाटत नाही, वलसाडला उतरू द्या, असं तो रात्रीच म्हणाला होता. आता थोडाच वेळ राहिलाय, मुंबईला जाऊन औषध घे, असं त्याला समजावण्यात आलं. द्वेषाने माणसं वेचून मारण्याला आजारपण हे उत्तर होऊ शकत नाही, आणि मी ते देतही नाही. पण जो स्वतः सांगतोय की मला आज हे काम नको, त्याच्या हातातली बंदूक बाजूला ठेवायला त्या रात्री काहीच आड येत नव्हतं. 8 ऑक्टोबर 2014 रोजी कल्पाक्कमच्या अणुकेंद्राच्या आवारात सीआयएसएफच्या एका हेड कॉन्स्टेबलने तीन सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं, तेव्हाही मारणारा आणि मरणारे एकाच गणवेशातले होते.

हाताखाली माणसं असणाऱ्यांनी म्हणून एक नियमच करावा. हत्यार, गॅस, उच्च दाबाची वीज, क्रेन यांपैकी काहीही हाताळणारा माणूस 'आज जमणार नाही' म्हणाला, तर त्या पाळीपुरतं त्याला दुसरं काम द्या, रोजंदारी न कापता. कापली तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. सारख्या रात्रपाळ्या, नाकारलेली रजा, घरातलं कर्ज, दारू, अचानक तुटलेलं बोलणं हे दिसलं की बाजूला घेऊन विचारा. ऑफिसात बोलावून खुर्चीपलीकडून नको, चहाच्या टपरीवर विचारा. सांगितलेलं दुसऱ्या दिवशी पाळीभर होऊ देऊ नका.

आणि पगार. ठेकेदाराने तीन-तीन महिने पैसे थकवायचे आणि मग कंपनीने निष्ठेवर भाषण द्यायचं, हे दोन्ही एका गेटच्या आत चालू शकत नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे कामगार कायद्यात स्पष्ट आहे. सुरक्षेच्या बैठकीत थकीत मजुरीचा आकडाही वाचला गेला पाहिजे. कॅमेऱ्यांच्या खर्चाच्या मानाने ही अतिशय स्वस्त सुरक्षा आहे.

फोनमधून येणारी ओळख

तरुण मुलांना आता थेट सांगतो. हेल्मेट घालून स्विचयार्डसमोर काढलेली रील छान दिसते, कबूल. पण त्यात मागे पॅनेल दिसतं, गेटची जागा दिसते, पाळी बदलण्याची वेळ कळते. अणुकेंद्र, संरक्षण आस्थापना अशा प्रतिबंधित ठिकाणांचे फोटो काढणं हा शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. शासनाने 'संरक्षित' जाहीर केलेल्या संगणक प्रणालीत परवानगीशिवाय शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 70 नुसार दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गंमत म्हणून केलं, हे न्यायालयात सांगून फारसा उपयोग होत नाही.

अनोळखी मुलीची फेसबुकवर मैत्रीची विनंती येते, ती आपल्या कामात फार रस घेते. किंवा 'कन्सल्टंट' म्हणून कुणी फोन करतं : प्लांटचा लेआउट, फक्त जुना, शाळेच्या प्रोजेक्टसाठी, दोन हजार रुपये देतो. सुरुवात नेहमी निरुपद्रवी गोष्टीने होते, म्हणजे कॅन्टीनचा फोटो किंवा साहेबाचं नाव. पहिले पैसे घेतले की धमकी सुरू होते. पैसे घेतले असतील तरीही थांबा आणि सांगा. जितक्या लवकर सांगाल तितके तुम्ही साक्षीदाराच्या जवळ आणि आरोपीपासून लांब राहाल.

कार्यालयात बसणाऱ्यांना पेनड्राइव्ह आणि मेलमधल्या लिंकांविषयी वेगळं सांगायला नको, पण एक आठवण देतो. 2019 मध्ये कुडनकुलम अणुकेंद्राच्या प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात घातक प्रोग्राम सापडला. आधी केंद्राने साफ इन्कार केला, दुसऱ्याच दिवशी अणुवीज महामंडळाने मान्य केलं. अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा वेगळी असल्याने ती सुरक्षित राहिली. पण तो इन्कार मला त्या प्रोग्रामइतकाच काळजीचा वाटतो. वरचे लपवतात हे खालच्याने पाहिलं की तोही लपवतो. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. कर्मचाऱ्याने चुकीची लिंक दाबल्याचं लगेच सांगितलं तरच हे सहा तास हाती लागतात. म्हणून सांगणाऱ्याला शिक्षा करू नका.

सांगायचं कसं

काही खटकलं तर स्वतः जासूस बनू नका. पाठलाग नको, त्याची बॅग तपासणं नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक अक्षर नको. जे पाहिलं तेवढंच लिहा : कुठे, किती वाजता, कोणती वस्तू, कोणता व्हॉल्व्ह, कोणतं दार. 'अमक्याची चाल बरोबर नाही' असं लिहिलं तर ती चुगली झाली. 'रात्री दोनला तीन नंबरच्या पंपाचं कुलूप उघडं होतं' असं लिहिलं तर ती माहिती झाली. माहिती त्याच पाळीत सुरक्षा अधिकाऱ्याकडे पोचवा आणि आपल्याकडे तारीख-वेळ टिपून ठेवा. जिवाला धोका दिसत असेल तर आधी 112, मग साहेब.

साहेबाचाच हात असेल तर? केंद्र सरकारी उपक्रमांसाठी, म्हणजे अणुवीज महामंडळ, रेल्वे, बंदर प्राधिकरण यांच्यासाठी, केंद्रीय दक्षता आयोगाची एक सोय आहे. भ्रष्टाचार किंवा अधिकाराच्या गैरवापराची तक्रार बंद पाकिटात आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवायची, पाकिटावर 'पीआयडीपीआय' लिहायचं. स्वतःचं नाव-पत्ता पाकिटावर लिहू नका, तो आतल्या पत्रात लिहा. निनावी पत्र या योजनेत घेतलं जात नाही, मात्र नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी आयोगाची असते. खासगी कंपनीतल्यांना हा मार्ग नाही. संसदेने 2014 मध्ये तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला, पण तो अजून अमलात आलेला नाही. इतकी वर्षं तो पडून आहे याची लाज सरकारांना वाटली पाहिजे. गळका पाइप, बुजवलेलं गेज, खोटा सुरक्षा अहवाल यांबद्दल बोलणारा माणूस धोका नसतो, हे मात्र प्रत्येक व्यवस्थापनाने भिंतीवर लिहून ठेवावं.

ठेकेदारांना आणि सुपरवायझरांना एक विनंती. येत्या सोमवारी तुमच्या नावावर निघालेले सगळे पास टेबलावर मागवा आणि माणसांशी ताडून पाहा. जे पास उरतील त्यांची माणसं कुठे आहेत ते शोधा, आणि सापडेपर्यंत ते पास गेटवर बंद करायला सांगा.